काळजाचं दुखणं

पहिल्यांदा खाज सुटली ती उजव्या तळहाताला. मंगळवार होता, दुपारच्या चहाला अवकाश होता, आणि ती पुस्तकांच्या पाठींना खळ लावत होती. तिने हात कमरेच्या फडक्याला पुसला आणि पुन्हा कुंचला धरला. दहा पुस्तकं झाली नसतील, तोच डाव्या हातालाही सुरू झालं.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात हात खाजला तर कारण शोधावं लागत नाही. खळ म्हणजे मैद्याची पेज. पाणी उकळायचं, त्यात कालवलेला मैदा सोडायचा आणि गाठी होऊ न देता ढवळत राहायचं. पण नुसत्या मैद्यावर किडे येतात, बुरशी धरते आणि वर्षभरात पुस्तकाची पाठ चाळणी होऊन जाते. म्हणून पातेलं खाली उतरवण्याआधी त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. निळेशार खडे, दिसायला गोड, पण विषारी. मोरचूद किड्यांना मारतो आणि माणसाच्या कातडीलाही सोडत नाही. या धंद्यातल्या प्रत्येकाचे हात कधी ना कधी मोरचुदाने खाल्लेले असतात.

"मोरचूद लागला तुला," सुईमावशी लगेच म्हणाली. ती पुस्तकं शिवायची. तीस वर्षं शिवत होती, त्यामुळे तिचं खरं नाव मालकांनाही आठवलं नसतं. "तेल चोळ आणि कोमट पाण्याने धू. साबण लावू नकोस."

"हात खाजतोय म्हणजे कुणाला तरी मार बसणार," कटिंगच्या यंत्रावरचे काका यंत्र न थांबवता ओरडले. "जहाजावर कळवा म्हणावं, सुट्टी पुढे ढकल, बायकोचे हात शिवशिवतायत!"

धाकटी हसली. कारखान्यात माणसं चारच, मालक, मावशी, काका आणि ती. वयाने सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. तिचा नवरा जहाजाच्या इंजिनखान्यात मिस्त्री होता. तिला आठवा लागला होता आणि त्याला परतायला अजून अडीच महिने होते. बाळ त्याच्या आधी येणार, हे जहाजावर चढतानाच दोघांना ठाऊक होतं. त्या वेळी ती म्हणाली होती, "त्यात काय, मी आहे ना." वाक्य म्हणायला सोपं होतं.

मालकांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. पुरळ नव्हतं, लाली नव्हती, फक्त तिने खाजवल्याचे ओरखडे होते. "उद्यापासून खळीला हात लावायचा नाही. जुळवणीवर बस," ते म्हणाले.

जुळवणी म्हणजे पुस्तकाची पानं ओळीने लावणं. छापलेला मोठा कागद दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे क्रमाने मांडलेले असतात, एक, दोन, तीन, चार. टेबलाच्या कडेने चालत जायचं, प्रत्येक गठ्ठ्यावरून एक फर्मा उचलायचा, आणि शेवटाला पोचलं की हातात अख्खं पुस्तक. पुन्हा मागे यायचं, पुन्हा चालायचं. एक फर्मा चुकला तर वाचणाऱ्याची गोष्ट मधेच तुटते. धाकटीच्या हातून फर्मा कधी चुकला नव्हता.

* * *

ती राहायची ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खाली कुलपांच्या किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान, मधे एक बंद घर, वर ही. एक पलंग, एक खिडकी, ओट्यावर एक शेगडी. जिन्यावर दुसऱ्या कुणाची पावलं वाजत नसत. संध्याकाळी कुलूप उघडून आत आली की दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचेपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. तसं तिच्या एकदा लक्षात आलं, आणि मग ती भांडी घासताना मुद्दाम मोठ्याने मोजू लागली. एक वाटी, एक ताटली, एक पेला. मोजण्यासारखं फार नसायचं.

रविवारी सासूबाईंचा फोन यायचा. त्या दूर, मोठ्या मुलाकडे राहायच्या. वीस तारखेचं तिकीट काढून ठेवलं होतं, म्हणजे दिवस भरायच्या दोन आठवडे आधी. नवऱ्याचे निरोप जहाज बंदराला लागलं की यायचे, चार-पाच एकदम, आणि मग आठवडाभर काही नाही. तो पाठवायचा ते फोटो समुद्राचे असायचे. त्यात माणूस कधी नसे.

जुळवणीवर बसून आठवडा झाला तरी खाज गेली नाही. उलट अंधार पडला की वाढायची. आधी तळहात, मग पोटऱ्या, मग तळपाय. तळपायांची खाज सगळ्यांत वाईट, कारण ती कातडीच्या आत कुठेतरी होती आणि नखं तिथवर पोचत नव्हती. ती बादलीत पाणी भरून त्यात पाय सोडून बसायची. पाणी कोमट झालं की बदलायची. कारखान्यातून तिने घडी दाबायची हाडाची पट्टी घरी आणली होती. कागदावर फिरवायची ती पट्टी ती पायांवर फिरवायची. सकाळी पलंगपोसावर बारीक रक्ताचे ठिपके दिसायचे.

याच दरम्यान दवाखान्यातली नेहमीची तपासणी झाली. सिस्टरने वजन केलं, रक्तदाब घेतला, पोटावर टेप लावला.

"काही त्रास?"

"झोप लागत नाही."

"आता कुणाला लागते? डाव्या कुशीवर झोपत जा." सिस्टरने वहीत लिहिलं, झोप कमी. "आणखी काही?"

धाकटीने मागच्या बाकाकडे पाहिलं. खाज हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण बाकावर मागे पाच-सहा जणी बसल्या होत्या, आणि खाज म्हटलं की माणसं हसतात. एखादा नसत्या उचापती करायला लागला तर त्यालाही आपण खाज आहे म्हणतो. शिवाय हे कामावरचं दुखणं, मोरचुदाचं. सुताराने बोटात कुसळ घुसलं म्हणून दवाखान्यात जावं का?

"नाही," ती म्हणाली.

* * *

पंधरा दिवस झाले. शाळांची पुस्तकं बांधायला आली होती आणि मान वर करायला कुणाला फुरसत नव्हती. धाकटी टेबलाच्या कडेने चालत होती. तिसऱ्या फर्म्यापाशी तिला राहवेना, म्हणून तिने चप्पल काढली आणि टेबलाच्या पायाच्या खडबडीत कडेवर तळपाय घासायला लागली. डोळे मिटले गेले, इतकं बरं वाटलं.

काकांनी ते पाहिलं. "धाकटे, हात झाले, आता पायाने खळ लावतेस की काय?"

मावशी सुई धरून हसली. मालक हसले. धाकटीही हसली, चप्पल घातली आणि पुढे निघाली. चौथा फर्मा, पाचवा, सहावा. मग ती पुन्हा पहिल्यावर आली.

पायाने खळ लावतेस की काय.

तिने दुसरा फर्मा उचलला, तिसरा उचलला. खळ तिच्या पायांना कधीच लागलेली नव्हती. पंधरा दिवसांत हातांनाही लागलेली नव्हती. मोरचूद पातेल्यात होता, पातेलं खोलीच्या त्या टोकाला होतं, आणि ती इथे होती. मग तळपायांत काय घुसलं होतं?

"धाकटे!" मावशीने शिवायला घेतलेलं पुस्तक वर धरलं. "पाचवा फर्मा दोनदा आहे. सहावा नाहीच."

यंत्र थांबलं. काकांनी मान वळवली. पुढचं पुस्तक पाहिलं, त्यातही तसंच. त्याच्या पुढचंही. मालक रागावले नाहीत, फक्त तिच्याकडे बघत राहिले, आणि ते तिला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

"मला अर्धा दिवस हवाय," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचंय."

"आज तारीख आहे का तुझी?"

"नाही."

मावशीने सुई कापडात खोचली. "मी येऊ का गं?" तिने विचारलं खरं, पण तिच्यापुढे छातीपर्यंत गठ्ठे होते, आणि विचारतानाच तिची नजर त्यांच्यावर गेली.

"नको हो मावशी. इथंच तर आहे."

* * *

डॉक्टरबाई उतारवयाच्या होत्या. त्यांचं बोलणं सावकाश होतं, आणि समोरच्याला समजलं की नाही हे पाहूनच त्या पुढे जायच्या. धाकटीने या वेळी मागच्या बाकाकडे पाहिलं नाही.

"मला खाज सुटते," ती म्हणाली. "हातापायांना. तळव्यांना फार."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"अडीच आठवडे झाले."

"अंगावर पुरळ?"

"नाही."

"रात्री वाढते?"

"हो."

"लघवीचा रंग? गडद झालाय?"

तिला आठवावं लागलं. "पाणी कमी पितेय म्हणून असेल असं वाटलं."

"आणि हे अडीच आठवडे कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे," धाकटी म्हणाली. मग तिने मोरचुदाचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मधे हसल्या नाहीत.

"मोरचूद नाही हा," त्या म्हणाल्या. "नीट ऐक. आपल्या पोटात यकृत असतं. ते पित्त तयार करतं. ते पित्त बारीक नळ्यांतून आतड्यात जातं आणि अन्न पचवतं. काही बायकांचं दिवस असताना ते वाहणं मंदावतं. मग पित्तातली आम्लं मागे रक्तात उतरतात आणि अंगभर फिरतात. कातडीला काही झालेलं नाही, कातडी फक्त ओरडून सांगतेय. कळलं?"

"यकृत म्हणजे?"

"काळीज."

धाकटीचा हात आपोआप डाव्या छातीकडे गेला.

"तिथं नाही. खाटकाकडे काळीज मिळतं ना, ते. ते इथं असतं." डॉक्टरबाईंनी तिचा हात धरून उजवीकडे आणला, फासळ्यांच्या खाली टेकवला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. किती दिवसांनी कुणी तिचा हात असा धरला होता, हे तिला त्या वेळी मोजता आलं असतं.

"बाळाला काय होतं यानं?"

"रक्त तपासू आधी. आम्लं किती आहेत त्यावर सगळं आहे. बाळाची हालचाल रोज मोजायची. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि मोजायचं. दहा व्हायला हव्यात. कमी झाल्या किंवा वेगळं काही वाटलं, तर विचार करत बसायचं नाही, इथं यायचं. दार वाजवायचं."

मोजणं तिला येत होतं. कारखान्यात शंभरी मोजताना दर दहाला एक कागदाची पट्टी लावतात, तशी ती घरी दर हालचालीला एक पट्टी पलंगाच्या कडेला ठेवू लागली. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत दहा पट्ट्या झाल्या. बाळ जोरात होतं. तिच्या अंगात काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नव्हती, की होती, कुणास ठाऊक.

* * *

रविवारी फोन आला. त्या बाजूला नातवंडांचा दंगा चालला होता आणि आवाज तुटक येत होता.

"आई, डॉक्टर म्हणतात काळजाचं दुखणं आहे."

"काळजीचं?"

"काळजाचं."

"अगं, काळजी कुणाला नसते? पहिल्या खेपेला वाटतंच तसं. मला काय कमी वाटली होती? ए, ते खाली ठेव आधी! हं, बोल. काळजी करत बसू नये पोरी, पोटातल्याला कळतं. मन रमव कशात तरी. शेजारीपाजारी जाऊन बसत जा."

धाकटीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे शेजार नव्हता. "बरं," ती म्हणाली.

"आणि मी येतेच आहे वीसला. सगळं नीट होईल बघ."

फोन ठेवल्यावर तिने नवऱ्याला लिहायला घेतलं. यकृत, पित्त, आम्लं, सगळं लिहिलं. मग वाचून पाहिलं. समुद्राच्या मधोमध, यंत्राच्या घरघरीत बसून हे वाचणारा माणूस काय करू शकणार होता? तिने सगळं पुसलं आणि लिहिलं, "जमेल तेव्हा फोन कर." निरोप गेला, पण पोचल्याची खूण उमटली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही.

पहिला अहवाल आला. आकडा अठ्ठावन्न होता, हवा होता दहाच्या आत. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, खाज थोडी कमी होईल म्हणाल्या, आणि आठवड्याने पुन्हा रक्त काढलं. गोळ्यांनी खाज थोडी कमी झाली. तिला वाटलं, उतार पडतोय. त्या संध्याकाळी तिने भांडी मोजली नाहीत, काहीतरी गुणगुणली.

दुसरा आकडा एकशे बारा आला.

"बस," डॉक्टरबाई म्हणाल्या. ती बसली होतीच. "शंभराच्या वर गेला की आम्ही थांबत नाही. गुरुवारी तुझे छत्तीस आठवडे पूर्ण होतात. गुरुवारी दाखल व्हायचं. कळा आणायचं औषध देऊ. त्याआधी उद्या आणि परवा दोन इंजेक्शनं, बाळाच्या फुप्फुसांसाठी."

"म्हणजे चार आठवडे आधी."

"हो. लवकर आलेलं बाळ कधी श्वास घेताना दमतं, दूध ओढायला आळसतं, त्याला ऊब कमी पडते. काही दिवस काचेच्या उबदार पेटीत ठेवावं लागेल कदाचित. हे सगळं आपण सांभाळू शकतो."

"आणि थांबलं तर? सासूबाई वीसला येतायत. मी एकटी आहे हो. दोन आठवडे फक्त. हालचाली रोज मोजतेय मी, रोज दहा भरतात. कमी झाल्या की लगेच येईन ना."

डॉक्टरबाईंनी अहवाल मिटला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"तेच सांगते. दुसऱ्या दुखण्यांत बाळ आधी सांगतं. हळूहळू वाढ मंदावते, हालचाल मंदावते, आपल्याला वेळ मिळतो. यात कधी कधी बाळ सांगत नाही. संध्याकाळी दहा भरलेल्या असतात आणि सकाळी काही नसतं. असं सगळ्यांचं होत नाही. बहुतेकांचं होत नाही. पण आकडा एवढा चढला की जोखीम वाढते, आणि कुणाचं होईल ते मला आधी ओळखता येत नाही. येत असतं तर तुला थांब म्हटलं असतं."

* * *

तिने स्वतःहून फोन केला, मंगळवारी. सासूबाई दचकल्या, कारण मंगळवारी फोन येत नसे.

"काय झालं?"

"आई, गुरुवारी दाखल व्हायला सांगितलंय. कळा आणणार आहेत."

"गुरुवारी? कुठल्या? या?" मागचा आवाज बंद झाला, त्यांनी दार लावलं असावं. "अगं, दिवस कुठे भरलेत? कच्चं फळ कुणी तोडतं का? मी आल्याशिवाय सही करायची नाही. काळजीने काही होत नसतं, हे डॉक्टर लोक उगाच..."

"काळजी नाही हो आई! काळीज! काळीज दुखतंय माझं, यकृत. काळजी नाही म्हणतेय मी!"

एवढ्या मोठ्या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. खाली किल्लीवाल्याची कानस थांबल्यासारखी वाटली. धाकटीने श्वास घेतला आणि सगळं सांगितलं, डॉक्टरबाईंनी जसं सांगितलं होतं तसं, एकामागून एक, एकही फर्मा न गाळता. शेवटचंही सांगितलं. बाळ कधी कधी सांगत नाही, तेही.

"कधीपासून आहे हे?" सासूबाईंचा आवाज उतरला होता.

"महिना झाला."

"आणि मला त्या रविवारी काय म्हणालीस तू?"

"हेच म्हणाले होते."

पलीकडे खाट करकरली, सासूबाई खाली बसल्या असाव्यात.

"मला अजून पटत नाही," सासूबाई म्हणाल्या. "खरं सांगते, पोरी. माझी आई असती तर तिनं नको म्हटलं असतं. गुरुवारच्या आत मला तिकडे पोचता येणार नाही. दोन दिवसांचा रस्ता आहे. दोन आठवड्यांनी मी तिथं असेन, तुझ्या उशाशी असेन. एकटीनं कसं करशील? थांबता येतंय का ते बघ ना."

त्या दटावत नव्हत्या. त्या विनवत होत्या, आणि म्हणून जास्त जड झालं. उशाशी कुणी असावं, हे धाकटीला त्यांच्यापेक्षा कमी हवं नव्हतं. महिनाभर तिला दुसरं काही नकोच होतं. कुणीतरी यावं, पाण्याची बादली बदलावी, हाक मारावी. दोन आठवडे थांबलं की ते मिळणार होतं. आणि रोज दहा पट्ट्या भरत होत्या.

तिने पलंगाच्या कडेला पाहिलं. कालच्या दहा पट्ट्या तिथेच पडल्या होत्या. उद्या दहा भरतील का, हे त्या सांगत नव्हत्या.

"मी सही करणार आहे, आई," ती म्हणाली. "तुम्ही याल तेव्हा या."

* * *

गुरुवारी सकाळी तिने खोली झाडली, बादली पालथी घातली आणि पिशवी घेऊन बसने गेली. दाखल करणाऱ्या कारकुनाने न बघता विचारलं, "सोबत कोण?"

"कुणी नाही."

"म्हणजे मागून येतायत का?"

"नाही."

त्याने मान वर केली, मग सोबत या शब्दापुढे आडवी रेघ ओढली. सहीची जागा त्याने बोटाने दाखवली. तिने सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

संध्याकाळी भेटायच्या वेळात मावशी आली. तिच्या नखांत सुताचे तंतू होते. तिने बाकीचं काही विचारलं नाही, धाकटीचे केस विंचरले, घट्ट वेणी घातली. "काका म्हणतात, मी उगाच पायावरून बोललो."

"त्यांना सांगा, बरं झालं बोलले."

"असं कसं सांगू? शेफारेल तो," मावशी म्हणाली, आणि घंटा झाली तशी उठून गेली.

बाकीची ती रात्र आणि दुसरी सकाळ धाकटीची एकटीची होती. शेजारच्या खाटांवरच्या बायकांना आया होत्या, बहिणी होत्या, पाठ चोळणारे हात होते. तिला भिंतीवरचं घड्याळ होतं आणि पोटाला बांधलेल्या पट्ट्याच्या यंत्रातून येणारा बाळाच्या ठोक्यांचा आवाज. घोडा दौडावा तसा तो आवाज. कळ आली की ती त्याच्याकडे कान द्यायची. जोवर तो दौडत होता, तोवर ती खोलीत एकटी नव्हती.

दुपारी बाराच्या सुमाराला पट्टा काढला आणि तो आवाज थांबला. त्यानंतर थोड्याच वेळात बाळ आलं. ते रडलं नाही.

टेबलापाशी दोन पाठी वाकलेल्या होत्या. धाकटीने मोजायला सुरुवात केली, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं. एक, दोन, तीन. मोठ्याने मोजत होती हे तिच्या लक्षात नव्हतं. एकोणीसला एक चिरका, रागावलेला, मांजरीच्या पिल्लासारखा आवाज आला.

"मुलगी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन किलो शंभर. दम लागतोय तिला, पण घेतेय श्वास." त्यांनी कपड्यात गुंडाळलेलं ते लालसर तोंड क्षणभर तिच्या गालाला लावलं आणि सिस्टर मुलीला घेऊन धावतच गेली.

* * *

तीन दिवस मुलगी पेटीत होती. पेटीला गोल दारं होती, आणि धाकटी त्यांतून हात घालून बसायची. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती कितीतरी तास एका जागी बसलीय आणि तिने हात खाजवलेले नाहीत. फोनवर निरोप पोचल्याची खूण अजून नव्हती. सासूबाईंनी तिकीट बदललं होतं, बुधवारी सकाळी पोचणार होत्या. आज सोमवार होता.

सिस्टरने मुलीला पेटीतून काढलं आणि तिच्या ओंजळीत दिलं. "आता तुमच्याजवळ. एक काम मात्र नीट करायचं. लवकर आलेली बाळं फार झोपतात. भूक लागली तरी उठत नाहीत. दर दोन तासांनी तुम्ही उठवायचं. कानामागे चोळा, गाल पुसा, बोला तिच्याशी. बोललं की जागी होतात."

"काय बोलू?"

"काहीही. तुम्हाला काय सुचेल ते."

सिस्टर गेली. खिडकीतून ऊन खाटेवर आलं होतं. मुलगी झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक मूठ गालाशी. धाकटीने तिच्या कानामागे बोटाने चोळलं. मुलगी हलली नाही.

"ए," धाकटी म्हणाली.

तिने घसा साफ केला.

"ए, उठ. दूध प्यायचंय. मग झोप हवं तेवढी." ती थांबली, मग पुन्हा बोलू लागली. "बाहेर ऊन पडलंय बघ. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घातल्यात. एक निळी आहे, एक पिवळी आहे. पिवळीला भोक आहे. तुझी आजी येतेय परवा, ती फार बोलते, तेव्हा झोपून चालायचं नाही. आणि बाबा समुद्रावर आहे. समुद्र म्हणजे काय ते मला नीट सांगता यायचं नाही, मी पण फोटोतच पाहिलाय..."

मुलीच्या पापण्या हलल्या. एक डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. धाकटी बोलत राहिली.